पासवर्ड बरोबर, तरी लक्स डिस्क उघडत नाही (इंदूर, ग्रंथालयाचा सर्व्हर)

मोडीदप्तर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका मराठी ग्रंथालयात होळकरकालीन मोडी कागदांचं स्कॅनिंग चालू आहे, त्याच्या सर्व्हरसाठी मदत हवी आहे. मंचाच्या पद्धतीप्रमाणे कमांडही देवनागरीत लिहिते, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये.

४ टीबीची डिस्क यूएसबी केसमध्ये आहे. एकच पार्टिशन, त्यावर लक्स२ (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन), आत एक्स्ट४ फाइल सिस्टिम. एन्क्रिप्शन १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर केलं होतं. सर्व्हर मात्र जुना डेस्कटॉप आहे, डेबियन, रॅम २ जीबी. डिस्क उघडायला सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे, लक्सची लायब्ररी लिबक्रिप्टसेटअप वापरणारा. खिडकीत पासवर्ड टाकला की डिस्क उघडून माउंट होते.

तक्रारी तीन:

१) पासवर्ड दोघांचे वेगळे आहेत. माझा चालतो. काकांच्या पासवर्डला प्रोग्रॅम दर वेळी ‘पासवर्ड चूक’ म्हणतो, आणि त्यानंतर माझाही चालत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की माझा परत चालतो.

२) ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) चालू असताना डिस्क उघडायला गेलं तर कधी कधी माझ्याही पासवर्डला ‘चूक’.

३) मागच्या आठवड्यात लाइट गेली, त्यानंतर काही टिफ (स्कॅनच्या चित्रांच्या) फाइली उघडत नाहीत.

हेडर (डिस्कच्या सुरुवातीचा, किल्लीची माहिती ठेवणारा भाग) खराब झाला असेल का? एकाने ‘क्रिप्टसेटअप’ या लक्सच्या कमांडचं ‘रिपेअर’ चालवायला सांगितलंय. चालवू का?

सुदामानगरकर

ताई, रिपेअर आत्ता अजिबात चालवू नका. माझ्या मते तुमचा हेडर ठीक आहे. तो खराब असता तर तुमचाही पासवर्ड रीस्टार्टनंतर चालला नसता. आधी हेडरची प्रत काढा, बाकी सगळं त्यानंतर:

क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एसडीबी१ --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.इमेज

फाइल १६ एमबीची होईल. ती त्याच डिस्कवर ठेवू नका, हे लोक हमखास करतात.

मग प्रोग्रॅम बाजूला ठेवून दोन्ही पासवर्ड कमांडने तपासा. ‘--टेस्ट-पासफ्रेज’ दिलं की डिस्क उघडत नाही, फक्त किल्ली जुळते का ते पाहिलं जातं:

क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज --की-स्लॉट ० /डेव्ह/एसडीबी१

काकांसाठी तेच, की-स्लॉट (हेडरमधली एका पासवर्डची जागा) १ देऊन. प्रत्येक वेळी लगेच ‘इको $?’ करून एक्झिट कोड लिहून ठेवा. ० म्हणजे जुळलं. २ म्हणजे परवानगी नाही, व्यवहारात पासफ्रेज (म्हणजे पासवर्ड) चूक. ३ म्हणजे मेमरी पुरली नाही. ४ म्हणजे डिव्हाइस चुकीचं. ५ म्हणजे डिव्हाइस आधीच उघडं किंवा कामात. २ ते ५ या चारही गोष्टींना सरसकट ‘पासवर्ड चूक’ म्हणणारे प्रोग्रॅम सर्रास दिसतात, आणि घाबरून माणूस चांगली डिस्क फॉरमॅट करतो.

आणखी एक. काकांना ‘चूक’ दिसल्यावर रीस्टार्ट न करता ‘एलएस /डेव्ह/मॅपर’ करून बघा. उघडलेल्या एन्क्रिप्टेड डिस्कची नावं तिथे असतात; तुमच्या डिस्कचं नाव दिसलं तर इथे सांगा.

शिप्राकाठ

काकांचा पासवर्ड देवनागरीत आहे का? क्रिप्टसेटअप पासफ्रेजचे बाइट जसेच्या तसे घेतं, युनिकोड एकसारखं करून घेत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो. थेट ऱ (युनिकोड ०९३१) घेऊन हलन्त, य आणि काना, हे १२ बाइट. साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त, य, काना, हे १५. र, हलन्त, अदृश्य जोडक, य, काना, हेही १५, पण वेगळे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लॅपटॉपचा कीबोर्ड एक प्रकार देतो, डेस्कटॉपचा दुसरा, आणि लक्सच्या लेखी ते वेगळे पासवर्ड. बूटच्या वेळी इनिट्रॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या छोट्या लिनक्समध्ये) तर देवनागरी टंकायची सोयच नसते. पासफ्रेजचे शब्द मराठी ठेवा, पण लिहा रोमन अक्षरांत. मोठ्या लिपीतली अक्षरं आणि चिन्हं कमी, शब्द जास्त. सहा-सात असंबद्ध शब्द पुरेसे होतात.

मोडीदप्तर

काकांचा पासवर्ड रोमनमध्येच आहे.

हेडरची प्रत काढली. कमांडने दोन्ही स्लॉट तपासले, दोन्हींना कोड ०. ओसीआर चालू असताना माझा तपासला तेव्हा एकदा ०, एकदा ३, आणि एकदा ‘किल्ड’ छापून १३७.

काकांना ‘चूक’ दिसल्यावर /डेव्ह/मॅपरमध्ये ‘दप्तर’ हे नाव खरंच आहे!

सुदामानगरकर

मग पहिल्या तक्रारीचं मूळ सापडलं, आणि ते लक्समध्ये नाही. प्रोग्रॅममध्ये क्रिप्ट_ॲक्टिव्हेट_बाय_पासफ्रेज या फंक्शनचं उत्तर (आर) ‘इफ (आर)’ किंवा ‘आर बरोबर नाही ०’ असं तपासलेलं असणार. हे फंक्शन यश आलं तर ० देत नाही, ज्या कीस्लॉटने डिस्क उघडली त्याचा क्रमांक देतं. तुमचा स्लॉट ०, म्हणून तुमचं ठीक चालतं. काकांचा स्लॉट १. डिस्क व्यवस्थित उघडते, फंक्शन १ देतं, प्रोग्रॅम त्याला बिघाड समजतो, ‘चूक’ दाखवतो आणि माउंट न करता थांबतो. मॅपिंग (/डेव्ह/मॅपरमधलं ते नाव) तसंच उघडं राहतं. मग तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा ते नाव आधीच घेतलेलं असतं, फंक्शन -१७ देतं, आणि तेही ‘चूक’ म्हणून दिसतं. रीस्टार्टने मॅपिंग जातं म्हणून तुमचं पुन्हा सुरळीत.

दुरुस्ती: बिघाड म्हणजे फक्त ‘आर < ०’. त्यातही फोड करा. -१ पासफ्रेज चूक. -१२ मेमरी अपुरी. -१६ डिव्हाइस कामात. -१७ नाव आधीच उघडं, म्हणजे इथे पासवर्ड पुन्हा मागायचाच नाही, थेट माउंटकडे जायचं. -१९ डिव्हाइस सापडत नाही, बहुधा केबल. प्रत्येकाला वेगळा मराठी संदेश द्या. चाचणी लिहाल तेव्हा मुद्दाम स्लॉट १ आणि ३ ने उघडा. फक्त स्लॉट ० वर चाचणी केली की ही चूक कधीच पकडली जात नाही.

प्रोग्रॅम उघडलाच आहे तर दोन जागा आणखी बघा. पासवर्डचा बफर मेमसेटने पुसला असेल तर कंपायलरचा ऑप्टिमायझर ती ओळच काढून टाकू शकतो, कारण पुढे त्या बफरचा वापर नसतो. एक्सप्लिसिट_बीझीरो वापरा. आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर, बिघाडाच्या वाटेवरही, क्रिप्ट_फ्री हवं.

बंद करताना ‘डिव्हाइस कामात आहे’ असं अधूनमधून येत असेल तर ते युडेव्हचं (डिव्हाइसांची नोंद ठेवणाऱ्या लिनक्स सेवेचं) स्कॅनिंग असतं, क्षणभर डिस्क धरून ठेवणारं. ‘युडेव्हअॅडएम सेटल’ करून परत प्रयत्न करा. तरी नाही गेलं तर मात्र एखादी फाइल खरंच उघडी आहे, जबरदस्ती नको.

लष्कर_ग्वाल्हेर

दुसऱ्या तक्रारीबद्दल. लक्स२ मध्ये पासफ्रेजपासून किल्ली बनवायला आर्गॉन२आयडी हे मुद्दाम मेमरी खाणारं गणित वापरतात. फॉरमॅट करताना क्रिप्टसेटअप त्या मशीनवर मोजमाप घेऊन साधारण २ सेकंद लागतील असे आकडे ठरवतं, आणि मेमरी जास्तीत जास्त १ जीबीपर्यंत जाते. तुमचा लॅपटॉप १६ जीबीचा, म्हणून १ जीबी ठरली असणार. ‘लक्सडंप’ करा, कीस्लॉटखाली मेमरी १०४८५७६ दिसेल, हा आकडा केबीमध्ये असतो. डिस्क कुठेही नेली तरी उघडताना तेवढीच मेमरी लागते. २ जीबीच्या मशीनवर ओसीआर चालू असताना ती कुठून येणार? कधी मागणीच नाकारली जाते, तो कोड ३. कधी कर्नल आधी होकार देतो आणि मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारा कर्नलचा भाग) ती प्रोसेस मारतो, तो १३७.

उपाय: त्याच डेस्कटॉपवर, ओसीआर बंद करून, कमी मेमरीचा नवा स्लॉट जोडा.

क्रिप्टसेटअप लक्सअॅडकी --पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४ --की-स्लॉट २ /डेव्ह/एसडीबी१

२६२१४४ केबी म्हणजे २५६ एमबी. जुना पासवर्ड विचारेल, मग नवा. स्लॉट २ टेस्ट-पासफ्रेजने तपासा, ओसीआर चालू ठेवून पाच-सहा वेळा. सगळीकडे ० आला तरच ‘लक्सकिलस्लॉट’ने स्लॉट ० काढा. मग काकांसाठी तसंच. लक्सकन्व्हर्टकीने हेच एका फटक्यात होतं, पण आधी नवा, मग तपासणी, मग जुना रद्द, हा क्रम माझ्या पसंतीचा. मेमरी कमी केली की चोराला अंदाज बांधत बसणं स्वस्त पडतं, म्हणून पासफ्रेज लांब ठेवा.

मेमटेस्टही (रॅमची चाचणी) एक रात्र चालवा. १ जीबी मेमरीत घुसळलेल्या गणितात रॅमचा एक बिट उलटला तरी निघणारी किल्ली चुकीची असते, आणि दिसतं काय, तर ‘पासवर्ड चूक’. एकच पासवर्ड तीनदा नाकारून चौथ्यांदा चालला तर मी आधी रॅमवर संशय घेतो.

शिप्राकाठ

तिसऱ्या तक्रारीसाठी त्या टिफ फाइलींपैकी एक हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि बिघाड *कसा* दिसतो ते सांगा. त्यावरून दोषी कोण ते कळतं.

फाइलीत सलग शून्यं असतील किंवा ती मध्येच तुटली असेल तर एन्क्रिप्शनचा संबंध नाही. डिस्कवर खाली शून्यं लिहिली गेली असती तर उलगडल्यावर ती कचऱ्यासारखी दिसली असती, शून्यं नव्हे. वर शून्यं दिसतात म्हणजे एक्स्ट४ ने जागा राखली होती आणि मजकूर पोचायच्या आत लाइट गेली.

नेमके १६ बाइट बिघडलेत आणि आजूबाजूचं सगळं शाबूत आहे, तर खाली एन्क्रिप्टेड मजकुरात एखादा बिट उलटलाय. लक्सच्या एक्सटीएस एन्क्रिप्शन पद्धतीत १६ बाइटचा ठोकळा असतो, एक बिट उलटला की तो अख्खा ठोकळा जातो. केबल, केस, रॅम तपासायची.

५१२ किंवा ४०९६ बाइटचा पूर्ण तुकडा कचरा असेल तर तो सेक्टरच दुसऱ्या कशाने तरी लिहिला गेलाय.

मोडीदप्तर

चार फाइली बघितल्या. तिघींत मधून शेवटपर्यंत शून्यं. चौथी ० बाइटची.

शिप्राकाठ

म्हणजे स्कॅनिंगचा प्रोग्रॅम फाइल लिहून एफसिंक (मजकूर खरंच डिस्कवर उतरवायची आज्ञा) न करता पुढे जातोय. कर्नल लिहिलेलं काही काळ रॅममध्येच ठेवतो, मुळात ३० सेकंदांपर्यंत. योग्य क्रम: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, मग रीनेम, मग फोल्डरवरही एफसिंक. हा क्रम पाळला की लाइट कुठल्याही क्षणी जाऊ दे, त्या नावाची फाइल एक तर पूर्ण असते किंवा नसते. प्रोग्रॅममध्ये हात घालता येत नसेल तर स्कॅन आधी दुसरीकडे उतरवून, शेवटी ‘सिंक’ करणाऱ्या स्क्रिप्टने हलवा.

काही स्वस्त यूएसबी केस फ्लशची (कॅशमधलं डिस्कवर उतरवायची) आज्ञा गिळून ‘झालं’ म्हणतात. ‘एचडीपार्म -डब्ल्यू०’ने डिस्कचा राइट कॅश बंद होतो का बघा, वेग कमी होईल पण स्कॅनिंगला पुरतो.

इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते पाहा. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बदली व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो. पंखा-दिव्याला कळत नाही, मशीन मात्र रीस्टार्ट होतं. पावसाळ्यात इंदुरात लाइट दिवसातून चारदा झपकली तर चारदा.

केसमधून डिस्क काढून थेट साटावर (मदरबोर्डच्या डिस्क-जोडणीवर) लावायचा विचार असेल तर थांबा. २ टीबीवरच्या डिस्कना काही केस ४०९६ बाइटचा सेक्टर दाखवतात, साटा ५१२ चा. जीपीटीचा (पार्टिशनच्या तक्त्याचा) हेडर सेक्टर १ वर असतो. केसच्या हिशेबात तो ४०९६व्या बाइटला लिहिलाय, साटा त्याला ५१२व्या बाइटला शोधतो आणि म्हणतो पार्टिशनच नाही. डेटा जागच्या जागी असतो. कुठलंही टूल ‘टेबल दुरुस्त करू का’ म्हणालं तर नाही म्हणा. आधी ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस’ दोन्हीकडे चालवून आकडा जुळतो का बघा. जुळला नाही तर ‘लॉसेटअप -आर -पी -बी ४०९६’ने साटावरची डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडता येते आणि पार्टिशन दिसू लागतं.

मोडीदप्तर

माझी डिस्क पार्टिशनवाली आहे. पण ग्रंथालयाची दुसरी, बॅकअपची डिस्क पार्टिशन न करता थेट लक्स केलेली आहे. त्यात काही धोका?

सुदामानगरकर

आहे, आणि चांगलाच. दुसऱ्या कुठल्या मशीनला लावली की ती डिस्क कोरी दिसते, ‘इनिशियलाइझ करा’ असं विचारलं जातं आणि कोणीतरी हो म्हणतं. पुढे काय होतं त्याचा हिशेब मांडतो.

लक्स२ च्या हेडरच्या दोन प्रती असतात. पहिली बाइट ० पासून, दुसरी १६३८४ पासून. प्रत्येकी १६ केबी, त्यातले पहिले ४०९६ बाइट बायनरी हेडर आणि पुढे जेसन (मजकूर स्वरूपातली माहिती). ३२७६८ पासून कीस्लॉटचा भाग. ५१२ बिटची किल्ली ४००० पट्ट्यांत पसरून ठेवतात, म्हणून एका स्लॉटला २,५८,०४८ बाइट जागा लागते. त्यातला थोडा भाग बिघडला तरी स्लॉट गेला, हेतुपुरस्सर तसंच केलंय.

आता पूर्ण जीपीटी टेबल लिहिलं तर ३४ सेक्टर जातात, ५१२ च्या हिशेबात १७४०८ बाइट. पहिली प्रत पूर्ण गेली. दुसरीचे पहिले १०२४ बाइटही गेले, आणि नेमकी तिथेच ओळखखूण आणि चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) असतो. दोन प्रती असूनही दोन्ही निकामी. कीस्लॉट आणि दुसऱ्या प्रतीचा जेसन शाबूत असतो, त्यावरून जाणकार माणूस हाताने हेडर परत बांधू शकतो, पण ते काम रात्र खाणारं आहे. तुमच्याकडे १६ एमबीची बॅकअप फाइल असेल तर ‘लक्सहेडररिस्टोअर’ एका मिनिटात होतं.

फक्त पहिले ५१२ बाइट गेले असतील तर दुसऱ्या प्रतीवरून सावरता येतं. पण तिथे परक्या टेबलाची खूण दिसली तर क्रिप्टसेटअप आपोआप दुरुस्ती करत नाही, ‘रिपेअर’ मुद्दाम द्यावं लागतं. रिपेअरची खरी जागा ही. त्याआधी डीडी कमांडने पहिले ३२ एमबी वाचून ठेवायचे.

आणि समजा हेडर गेला पण डिस्क अजून उघडी, माउंट केलेली आहे, तर मशीन बंद करू नका! किल्ली कर्नलकडे आहे तोवर डेटा वाचता येतो. लक्स१ मध्ये ‘डीएमसेटअप टेबल --शोकीज’ने किल्ली बाहेर काढता येत असे. लक्स२ ती कर्नलच्या कीरिंगमध्ये ठेवतं, तिथून परत वाचता येत नाही. म्हणून आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर, मग बाकीचा विचार.

हेडरच्या बॅकअपबद्दल एक सावधगिरी. रद्द केलेला पासवर्ड जुन्या हेडर फाइलमध्ये जिवंतच असतो. स्लॉट बदलले की नवी प्रत काढा आणि जुन्या सगळ्या प्रती नष्ट करा. एक प्रत ग्रंथालयात, एक गावाबाहेर, देवासला कोणाकडे तरी.

जुनीइंदूर

या निमित्ताने अख्खी डिस्क नव्या किल्लीने रीएन्क्रिप्ट करून घ्यावी का?

लष्कर_ग्वाल्हेर

कारण नसताना नको. करायचीच असेल तर लक्स२ चं रीएन्क्रिप्ट वापरा, ते प्रगतीची नोंद हेडरमध्येच ठेवतं. नेहमीचा चेकसम मोड गृहीत धरतो की एक सेक्टर एक तर पूर्ण लिहिला जातो किंवा नाहीच. केसवर भरवसा नसेल तर ‘--रेझिलियन्स जर्नल’ द्या, हळू पण भक्कम. मध्येच तुटलं तर ‘--रिझ्यूम-ओन्ली’. लक्स१ साठीचं जुनं वेगळं टूल आपली नोंद चालू फोल्डरमधल्या फाइलीत ठेवायचं. लाइव्ह यूएसबीवरून ते चालवलं आणि लाइट गेली की नोंद रॅमबरोबर गेली, आणि डिस्क अर्धी इकडे अर्धी तिकडे.

क्रिप्टसेटअपची आवृत्ती मात्र २.४.३ किंवा नंतरची हवी, २.३ मालिकेत २.३.७. त्याआधी याच सावरण्याच्या यंत्रणेत भोक होतं: डिस्क हाती लागलेला माणूस हेडरमध्ये ‘डिक्रिप्शन अर्धवट राहिलंय’ अशी खोटी नोंद करू शकायचा, आणि पुढच्या वेळी मालकानेच पासवर्ड टाकला की डिस्कचा काही भाग उघडा लिहिला जायचा. जानेवारी २०२२ मध्ये ते बुजवलं.

मोडीदप्तर

वेग वाढवायला नो_रीड_वर्कक्यू, नो_राइट_वर्कक्यू हे (एन्क्रिप्शनची रांग टाळणारे) पर्याय लावा असं वाचलं. लावू?

लष्कर_ग्वाल्हेर

फिरत्या यूएसबी डिस्कवर काही हाती लागणार नाही. ते वेगवान एनव्हीएमई एसएसडीसाठी आहे, कर्नल ५.९ पासून. शिवाय या पर्यायांबरोबर डीएम-क्रिप्ट (लक्समागचा कर्नलचा भाग) काही वेळा टास्कलेट (कर्नलमधलं मागाहून उरकायचं छोटं काम) वापरायचं, त्यात एक नाजूक बग होता. टास्कलेटचं काम संपलं की कर्नल त्याच्या रचनेत ‘मोकळा’ अशी खूण लिहितो. पण ती रचना त्याच आय/ओच्या मेमरीत असायची, आणि काम संपताच ती मेमरी परत दिलेली असू शकते. म्हणजे दुसऱ्याच्या झालेल्या मेमरीवर लिहिणं. २०२४ च्या सुरुवातीला टास्कलेट काढूनच टाकले. जुन्या कर्नलवर हे पर्याय लावू नका.

त्याच सुमारास दुसरी दुरुस्ती झाली, प्रमाणित एन्क्रिप्शनसाठी (ज्यात मजकूर बदललाय का ते कळायला सोबत खूण ठेवतात). डायरेक्ट आय/ओमध्ये (कॅश टाळून थेट लिहिताना) प्रोग्रॅमने तोच बफर लिहिणं चालू असताना बदलला तर मजकूर एक आणि त्याची खूण दुसऱ्याची, आणि वाचताना चांगला सेक्टरही खोटा ठरायचा. आता आधी स्वतःची प्रत करून मगच एन्क्रिप्ट केलं जातं.

ताई, तुमच्या संग्रहाला मी डीएम-इंटिग्रिटी (सेक्टर बिघडला की ओळखणारा थर) सुचवणार नाही. त्याचा जर्नल प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो, आणि बिघाड कळला तरी एकाच डिस्कवर दुरुस्त कशावरून करणार? प्रत्येक टिफचा एसएचए२५६ (फाइलीच्या मजकुराचा ठसा) नोंदवून ठेवा, महिन्यातून एकदा दोन्ही डिस्कवर तपासा.

मोडीदप्तर

पावसाळ्याआधी हे सगळं तपासायचं कसं? खऱ्या डिस्कचा प्लग काढून बघायची हिंमत नाही.

सुदामानगरकर

खऱ्या डिस्कला हात लावायची गरज नाही. २ जीबीची एक फाइल आणि नोंदीसाठी दुसरी ४ जीबीची, दोन्ही लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) म्हणून जोडा. त्यावर डीएम-लॉग-राइट्स (प्रत्येक लिखाण नोंदणारा थर), त्यावर लक्स२, त्यावर एक्स्ट४. चाचणीत हजारदा उघडायचं असतं, म्हणून फॉरमॅट करताना ‘--पीबीकेडीएफ-फोर्स-इटरेशन्स ४ --पीबीकेडीएफ-मेमरी ३२’ द्या. खऱ्या डिस्कवर हे आकडे कधीही नकोत.

मग स्कॅनिंगची नक्कल चालवा आणि कुठल्या फाइलीचा एफसिंक पूर्ण झाला ते बाहेर नोंदवा. लॉग-राइट्सकडे प्रत्येक लिखाण क्रमाने असतं. रिप्ले-लॉग हे टूल एक्सएफएसटेस्ट्स या फाइल सिस्टिम चाचण्यांच्या संचात मिळतं, त्याने कोऱ्या फाइलवर दर फ्लशपर्यंतचं लिखाण परत करा, म्हणजे ‘इथे लाइट गेली असती तर’ अशी डिस्क मिळते. ती उघडा, एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी) करा, नोंदीतल्या सगळ्या फाइलींचा एसएचए२५६ जुळतो का बघा. एकही चुकली तर स्कॅनिंगची स्क्रिप्ट दोषी.

लक्सअॅडकी आणि लक्सकिलस्लॉट चालवतानाही हेच करा, पण इथे प्रत्येक लिखाणानंतर थांबा, फक्त फ्लशनंतर नाही. अट एकच: कुठेही थांबलं तरी जो पासवर्ड रद्द केलेला नाही तो चालला पाहिजे.

केस मध्येच गप्प होते त्याची नक्कल डीएम-फ्लेकीने होते. ‘२० ५’ दिलं की २० सेकंद सुरळीत, ५ सेकंद बिघाड; ‘ड्रॉप_राइट्स’ जोडलं की त्या ५ सेकंदांत लिखाण गुपचूप गिळलं जातं, वर ‘झालं’ कळवलं जातं. फ्लश गिळणाऱ्या केसच्या हे बरंच जवळ जातं. तुमच्या प्रोग्रॅमने अशा वेळी ‘पासवर्ड चूक’ म्हणता कामा नये.

मोडीदप्तर

प्रोग्रॅममध्ये ‘इफ (आर)’च होतं, ते ‘इफ (आर < ०)’ केलं, संदेश वेगळे केले. काकांचा पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला. स्लॉट २ आणि ३ नव्याने जोडले, २५६ एमबीचे. ओसीआर चालू ठेवून दहा-दहा वेळा तपासले, सगळीकडे ०. जुने दोन काढले, हेडरची नवी प्रत घेतली, जुनी ‘श्रेड’ने पुसली. इन्व्हर्टरचं बटण साध्या मोडवरच होतं.

‘गेटएसएस’ केसमध्ये ४०९६ दाखवतंय, म्हणून डिस्क केसमध्येच ठेवतेय. राइट कॅश मात्र ‘-डब्ल्यू०’ने बंद होत नाही, केस आज्ञाच पुढे देत नाही. रिप्लेची चाचणी शनिवारी लावते, पहिला निकाल इथेच टाकते.

शिप्राकाठ

मग ती केस बदला, ताई. पण नवी केस घेताना डिस्क आणि जुनी केस दोन्ही दुकानात घेऊन जा, आणि लॅपटॉपवर नवी लावून ‘गेटएसएस’ ४०९६ येतो का आणि ‘-डब्ल्यू०’ चालतं का हे दोन्ही बघूनच पैसे द्या. ५१२ आला तर डेटा आधी बॅकअप डिस्कवर पूर्ण उतरवून, एसएचए२५६ जुळवून, मगच नव्या केसमध्ये पार्टिशन नव्याने करायचं. मुख्य डिस्कवर सगळा डेटा परत उतरला की मग बॅकअपच्या डिस्कलाही पार्टिशन देऊन टाका.